खुर्ची खालून बघावी

त्या मोठ्या शुश्रूषा केंद्राच्या हॉलमध्ये तिने एक खुर्ची उचलली आणि सरळ उलटी करून गुडघ्यावर घेतली. टाय लावलेल्या व्यवस्थापकाला वाटलं, बाईंचं काहीतरी खाली पडलंय. तो बिचारा शोधायला वाकलासुद्धा.

“काही हरवलं का, मॅडम?”

“नाही. बघतेय.”

“काय बघताय?”

“खुर्ची.”

हसरा चेहरा तसाच ठेवून तो उभा राहिला.

खुर्ची बघायची तर खालून बघायची, हे तिला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. वरचं कापड म्हणजे पाहुण्यांसमोरचा चेहरा. खरं काय ते बैठकीखाली ताणलेले पट्टे सांगतात. वडील सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचे. जुनं कापड उतरवायचं, पट्टे ताणायचे, फोम बदलायचा, नवं कापड चढवायचं. सगळा रस्ता त्यांना मिस्त्री म्हणायचा. ती सोळाव्या वर्षी शाळा सोडून दुकानात उतरली, कारण थोरल्या भावाच्या शिक्षणाला पैसे लागत होते आणि मिस्त्रींना आणखी दोन हात लागत होते. एकाने कापड ताणून धरायचं, दुसऱ्याने खिळे मारायचे. एकट्याचं हे कामच नव्हे. तेव्हापासून रस्ता तिला मिस्त्रीण म्हणायला लागला. आधी चिडवायला, मग सवयीने, आणि पुढे कधीतरी मानाने.

मधे तीन वर्षं तिचं लग्न झालेलं होतं. परत आली तेव्हा आत्याने खोदून खोदून कारण विचारलं. “कापड चांगलं होतं,” ती म्हणाली, “आतला सांगाडा कुजका निघाला.” दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी ओठांत बारीक खिळे धरून कामाला बसली. तोंडात खिळे असलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही, हा त्या धंद्याचा एक फायदा.

आता ती एकोणपन्नास वर्षांची होती आणि मिस्त्री एक्याऐंशीचे. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. मिस्त्री जन्माचे डावखुरे, म्हणून कामाचा हात तेवढा वाचला, आणि वाचेतले दोन शब्द: “नाही” आणि “गाढवा.” दोन शब्दांवर माणसाचं बरंच भागतं, हे घरात हळूहळू सगळ्यांना कळलं. नुसत्या “नाही”चेच चार प्रकार होते. एक साधा. एक लांबवलेला, त्याचा अर्थ हो. एक तुटक, म्हणजे पुन्हा कर, नीट झालं नाही. आणि चौथा, पूर्वीपासूनचा, खालच्या आवाजातला, तो ऐकला की समोरच्याने हात मागे घ्यायचा.

त्यांची खाट तिने दुकानाच्या मागच्या भागात, फोमच्या गुंडाळ्यांशेजारी लावली होती. देखभालीला माणूस ठेवून पाहिला. पहिली बाई दिवसभर फोनवर बोलायची. दुसरा माणूस शांत होता, फार शांत. तो त्यांना डायपर बांधून सकाळी आडवं करायचा, ते संध्याकाळी निघताना तसेच. “त्रास देत नाहीत बाबा,” तो कौतुकाने म्हणायचा. तिने त्याला त्याच आठवड्यात कायमची रजा दिली. त्यानंतर ती एक सोफा पोहोचवायला गेली असताना मिस्त्री एकटेच उठायला गेले आणि पडले. परत येऊन तिने त्यांना उचलायला घेतलं, तर तिच्या कमरेत कळ आली. शेवटी बापलेक दोघंही जमिनीवर बसून राहिली, समोरचा औषधवाला दुकान बंद करताना डोकावला तोपर्यंत.

डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. “यांना रोज उठवायला, बसवायला, उभं करायला दोन माणसं लागतील. एकटीने होणार नाही तुमच्याने. आणि उठवलं नाही, नुसते पडून राहिले, तर मग...”

“तर मग?”

“तर मग फार दिवस नाहीत.”

तिने तेवढंच वाक्य घरी आणलं. मिस्त्री पडून राहता कामा नयेत. बाकी सगळं त्याच्यानंतर.

भाऊ गेली बावीस वर्षं विमानाने पाच तासांवर राहत होता आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायचा. त्यानेच इंटरनेटवर हे केंद्र शोधलं. दारात कारंजं, हॉलमध्ये झुंबर. दोन तृतीयांश फी तो भरणार होता. तिने फक्त जाऊन बघून यायचं, सही करायची.

म्हणून ती आली होती, आणि बघत होती.

“हे केंद्र सुरू होऊन किती वर्षं झाली?” तिने विचारलं.

“सहा वर्षं, मॅडम. फर्निचरही तेव्हाचंच आहे, पण बघा, नवं वाटतं की नाही?” व्यवस्थापकाला हायसं वाटलं. आता गाडी ओळखीच्या रस्त्यावर आली होती.

“तेच म्हणतेय.” तिने खुर्ची सुलटी ठेवली, बैठकीवर मूठ दाबली आणि सोडली. फोम चट्कन वर आला. दुसऱ्या खुर्चीवर दाबली. पाचव्या. बाराव्या. सगळ्या खुर्च्या शाळेतल्या हुशार मुलांसारख्या लगेच उठून उभ्या. पायांखाली तर कारखान्यातल्या प्लॅस्टिकच्या टोप्या अजून तशाच, एकीलाही ओरखडा नाही.

“इथे बसतं कोण?”

“सगळेच. आमचे ज्येष्ठ इथे वाचतात, गप्पा मारतात...”

“हवेत बसून?”

“मॅडम?”

“अहो, माणूस बसला की फोम दबतो. मी तेहतीस वर्षं दबलेला फोमच बदलतेय. या खुर्च्यांवर सहा वर्षांत कोणी बसलेलं नाही.” तिने हात झटकले. “खोल्या दाखवा.”

सकाळचे अकरा वाजले होते. लांब, चकचकीत कॉरिडॉर. दोन्ही बाजूंना दारं, प्रत्येक दारामागे एक पलंग, पलंगाच्या दोन्ही कडांना वर चढवलेल्या दांड्या. स्वच्छ चादरी, स्वच्छ माणसं, सगळी आडवी. भिंतीवरच्या टीव्हीत कोणीतरी हसत होतं. एका आजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मान वळवत राहिल्या.

“सगळे झोपलेत?”

“आमचा भर विश्रांतीवर आहे.”

तिने सही केली नाही. कारंज्यापाशी येऊन ती मोठ्याने म्हणाली, “बडा घर, पोकळ वासा,” आणि बसस्टॉपकडे चालायला लागली.

भावाचा फोन ती घरी पोचायच्या आधीच आला.

“काय मग? कारंजं पाहिलंस?”

“पाहिलं. बाबांना कारंज्यात बसवायचंय का?”

“ए, सरळ बोल.”

तिने सरळ सांगितलं. मग भाऊ हळू, समजूतदार आवाजात म्हणाला, “तू खुर्चीवरून ठरवतेस. खुर्चीवरून!”

“तू गाडी घेताना टायरला लाथ मारून बघितलीस. मी काही म्हणाले?”

“तिथे नंबर लावून थांबतात लोक. सगळे मूर्ख आहेत का?”

“लोक हॉल बघतात, दादा. बाबा हॉलमध्ये राहणार नाहीत, खोलीत राहणार आहेत. पडून.”

“हे बघ, मी पैसे देणार ते तिथले. दुसरीकडे कुठेतरी कोपऱ्यात नेऊन ठेवायचं असेल तर तुझं तू बघ.”

“बघते.”

“बघते म्हणजे?”

“म्हणजे माझं मी बघते.”

फोन ठेवल्यावर तिने त्या दिवशी कात्री हातात घेतली नाही. महागाचं कापड होतं, गिऱ्हाइकाचं.

पुढच्या दोन आठवड्यांत तिने आणखी चार ठिकाणं पाहिली. चारही ठिकाणी आधी खुर्च्या शोधल्या. एका ठिकाणी खुर्च्याच नव्हत्या. एका ठिकाणी होत्या, पण त्यांना कमरेला बांधायचे पट्टे शिवलेले होते, आणि तिला ते पट्टे कोणी शिवले असतील याचाच राग आला. शेवटचं ठिकाण बस डेपोच्या मागे होतं. जुनी दुमजली इमारत, जिन्यात रंगाचे पोपडे, फिनेलचा वास नाकात चढणारा. वरच्या मजल्यावर एक म्हातारी सारखी कोणाला तरी हाका मारत होती. मिस्त्रीण दारातूनच परत फिरणार होती, एवढ्यात तिला खुर्च्या दिसल्या.

चाळीसेक असतील, एकीचा मेळ दुसरीशी नाही. रेक्झीन फाटलेलं, बैठका इतक्या खोल दबलेल्या की वाट्या वाटाव्यात. तिने एकीच्या हातावर बोट फिरवलं. पुढच्या टोकाला, जिथे माणूस उठताना जोर देतो नेमकं तिथलंच पॉलिश उडालेलं होतं. आत कच्चं लाकूड, तळहातांच्या तेलाने गुळगुळीत झालेलं. दुसरीचं तसंच. सगळ्यांचं तसंच. ती खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि थोडा वेळ ते लाकूडच बघत राहिली.

“काय हो, सापडलं का काही?” मागून आवाज आला. पांढरे केस आखूड कापलेली, पाय फाकवून उभी असलेली एक बाई. निवृत्त नर्स, हे ठिकाण तीच चालवायची आणि सगळे तिला सिस्टर म्हणायचे.

“इथे माणसं उठून उभी राहतात,” मिस्त्रीण म्हणाली.

“उठतात कसली, उठवतो आम्ही. सकाळी आठला प्रत्येकाला. रडू देत, ओरडू देत. दोन जण धरतात आणि उभं करतात.”

“आमचे बाबा शिव्या देतील.”

“किती प्रकारच्या?”

“एकच. गाढवा.”

“एवढंच? मग ते आमच्याकडचे सभ्य गृहस्थ ठरतील.” सिस्टर हसली नाही. “पण आधीच सांगते, इथे वरच्या मजल्याचं पाणी कधी कधी जातं, जेवण साधं असतं, आणि ती बाई दिवसभर हाका मारते. पुढच्या आठवड्यात तक्रार घेऊन यायचं असेल तर आजच जा.”

“फी?”

सिस्टरने आकडा सांगितला. कारंज्यावाल्यांच्या निम्मा. तरी दुकानाच्या कमाईतून निघणारा नव्हता. तिने खुर्च्यांवरून नजर फिरवली. “या सगळ्या मी नव्या करून देते. त्या बदल्यात...”

“नाही,” सिस्टर म्हणाली. “त्या बदल्यात काही नाही. आज खुर्च्यांच्या बदल्यात बाबा, उद्या तुमच्या हातून खिळा चुकला की मी बाबांवर राग काढणार? फी फीच्या जागी. खुर्च्यांचं काम तुम्हाला देईन, पण त्याचा दर वेगळा ठरवू, घासाघीस करून.”

मिस्त्रीणीला ती बाई तिथेच आवडली.

दुकानाचा पुढचा निम्मा भाग तिने एका चष्मेवाल्याला भाड्याने दिला. पाटीवरचा सोफा उतरला, तिथे दोन मोठे डोळे चढले. ती मागच्या भागात सरकली, जिथे मिस्त्रींची खाट होती तिथे. भाडं आणि खुर्च्यांचं काम मिळून फी जेमतेम निघत होती. आत्याला ही बातमी कळायला दोन दिवसही लागले नाहीत. मिस्त्रींची धाकटी बहीण ती. गुडघे दुखत असूनही आली आणि दारातच सुरू झाली.

“भावाच्या दुकानाचे तुकडे केलेस! आणि त्याला आश्रमात टाकतेस?”

“टाकत नाही, ठेवतेय. आत ये, आत्या, ऊन लागेल.”

“मी नाही येत आत. लेक असून बापाला घालवतेस, चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. अगं, आम्ही नाही का आमच्या आईचं केलं?”

“केलंत ना. सहा जणी होतात तुम्ही. मी एक आहे, आणि माझी कंबर अर्धी. तू येतेस रोज सकाळी आठला? बाबांची एक बाजू तू धर, एक मी धरते. आत्ता सांग, आत्ता त्या सिस्टरला फोन करून नाही म्हणते.”

आत्या आत आली, खुर्चीत बसली, आणि पाणी मागितलं.

खरा अवघड दिवस त्यानंतरचा. मिस्त्रींना तिने आधी काही दिवस समजावून सांगितलं होतं, पण समजावणं आणि दारात गाडी येणं यांत फरक असतो. बस डेपोमागच्या त्या हॉलमध्ये तिने त्यांना व्हीलचेअरवरून आत नेलं आणि समोर बसली.

“बाबा, इथे राहायचंय. मी एक दिवसाआड येईन.”

“नाही.”

तो साधा होता. लांबवलेला नव्हता, तुटक नव्हता. नाही म्हणजे नाही.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “तरी राहायचंय.”

त्यांनी मान वळवली. तिने मनात शंभर गोष्टी तयार केल्या होत्या, त्यांतली एकही बोलली नाही. ज्याला पटणार नाही त्याला पटवत बसणं म्हणजे आपल्याच मनाला मलम लावणं, आणि ते काम तिला बापासमोर करायचं नव्हतं. बसमध्ये ती रडली, उघडपणे. शेजारच्या माणसाने तिला वारा लागावा म्हणून खिडकी सरकवून दिली. तिसऱ्या दिवशी ती परत गेली. मिस्त्रींनी तिच्याकडे पाठ केली. पण त्यांना दोन जणांनी धरून उभं केलं होतं, आणि पाठ त्यांनी उभ्याने केली होती.

तीन आठवड्यांनी भाऊ येऊन थडकला. कोणाला न कळवता, विमानतळावरून थेट, वाटेत आत्याला घेऊन. कारंज्याच्या केंद्रात त्याने अनामत भरून ठेवली होती; खाली गाडी उभी होती. वरच्या मजल्यावर मिस्त्रींचा पलंग रिकामा दिसला तेव्हा आत्याने छातीवर हात मारला. “गेला गं माझा भाऊ, आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाही!”

“ओरडू नका,” सिस्टर जिन्यातून म्हणाली. “सकाळी दहाला पलंगावर कोण सापडणार? खाली बघा.”

खालच्या हॉलमध्ये एक लांब टेबल होतं. टेबलावर एक खुर्ची उलटी टाकलेली. तिच्यापलीकडे मिस्त्री बसले होते, डाव्या हातात पक्कड घेऊन, आणि जुने खिळे एकेक करून उपटत होते. उपटलेला प्रत्येक खिळा वाटीत टण्णकन पडायचा. समोर मिस्त्रीण नवं रेक्झीन कापत होती. आजूबाजूला चार-पाच म्हातारे नाटक बघायला बसावं तसे बसले होते.

“हे काय चाललंय?” भावाचा आवाज चढला. “आजारी माणसाकडून काम करून घेता? पैसे घेऊन वर काम?”

“मी नाही घेत,” सिस्टर म्हणाली. “चार दिवसांपूर्वी त्यांनी पक्कड हिसकावून घेतली. तुम्हाला थांबवायचं तर थांबवा.”

भाऊ पुढे झाला. “बाबा, द्या बघू ते. चला, आपण चांगल्या जागी जाऊ.” त्याने पक्कडीला हात लावला.

“नाही,” मिस्त्री म्हणाले. खालच्या आवाजात.

तो चौथा प्रकार भावाने बावीस वर्षांत ऐकला नव्हता, पण हात आपोआप मागे आला. हाताला ते आठवत होतं. आत्या मधेच, एका दबलेल्या खुर्चीत बसली, आणि बसल्यावर कोणीतरी विचारल्यासारखं म्हणाली, “आरामाची आहे हो.” मग तिला आपण कशाला आलो ते आठवलं. “पण अगं, लोकांनी विचारलं तर काय सांगायचं? मिस्त्री कुठेय म्हणून?”

“पत्ता सांग,” मिस्त्रीण म्हणाली. “डेपोच्या मागे, निळं फाटक. म्हणावं, भेटायला या, आणि येताना खुर्ची मोडकी असेल तर घेऊन या.”

एक म्हातारा खदखदून हसला. भाऊ हसला नाही. त्याचं लक्ष वडिलांच्या हाताकडे होतं. तो हात वर्षानुवर्षं जसा चालायचा तसाच, फक्त निम्म्या वेगाने चालत होता. शेवटचा खिळा निघाला. मिस्त्रींनी पक्कड ठेवली, रेक्झीनची कड उचलली आणि समोर उभ्या असलेल्या मुलाच्या छातीवर टेकवली.

“गाढवा,” ते म्हणाले.

त्याने ती धरली. सोळाव्या वर्षी त्याची बहीण जिथे उभी राहिली होती तिथे तो आज पहिल्यांदा उभा होता, कोट घालून. मिस्त्रीणीने ओठांत खिळे घेतले आणि हातोडी उचलली.

“ऐक,” तो हळूच म्हणाला, “तिथली अनामत परत मिळेल बहुतेक. तुला महिन्याला किती कमी पडतंय?”

तिने ओठांतले खिळे काढून तळहातावर घेतले.

“ते नंतर. आधी कापड धर. सैल सोडलंस.”

“नाही,” मिस्त्री म्हणाले. तुटक. म्हणजे पुन्हा.

भावाने कापड पुन्हा ताणलं.